रंगनाथ मास्तरांच्या बैलाचं इंग्रजी

पैज लावा, हे कोणालाच पटणार नाही. पण झरीच्या अलीकडं एका शाळेत एका बैलाला इंग्रजीतलं ट्रान्झिटिव्ह आणि इन्ट्रान्झिटिव्ह क्रियापद ओळखता येत होतं. आणि ते त्याला शिकवलं होतं निव्वळ जळफळाटानं.

जळफळाट रंगनाथ मास्तरांचा. दहावीचा नवा अभ्यासक्रम आला, त्या सालची गोष्ट. तोवर गावात इंग्रजी म्हणजे रंगनाथ मास्तर. निजामाच्या अमदानीत छड्या खाऊन त्यांनी क्रियापदांची यादी पाठ केली होती, आणि तशीच ती पोरांच्या पाठीवर उतरवत आले होते. मग आला सूर्यभान मास्तर. पोरगेलासा, नुकताच बी.एड. झालेला, हातात छडीच नाही. पोरांना म्हणाला, "क्रियापदाला इचारायचं, काय? ईट, खातो. काय खातो? भाकर. उत्तर आलं, म्हंजे ट्रान्झिटिव्ह. स्लीप, झोपतो. काय झोपतो? उत्तरच न्हाई. इन्ट्रान्झिटिव्ह. संपलं."

संपलं! जे शिकवता शिकवता रंगनाथ मास्तरांचा पावसाळा सरायचा, ते हा चहा निवायच्या आत संपवी. भिंतीपलीकडून पोरांचा "काय?" असा गलका उठला की मास्तरांच्या छातीत कोणी तरी मिरची वाटायला बसे. त्यात शिक्षण खात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. दोघांचे पाठ बघून दहावीचं इंग्रजी कोणाकडं, ते ठरणार होतं. दहावी गेली की मास्तरांच्या वाट्याला पाचवीची एबीसीडी.

घरी तरी सुख असावं? ताट वाढताना कुसुमबाई म्हणाल्या, "मी वाढते. काय वाढते? वरण. ट्रान्झिटिव्ह झालं बघा! लय सोपं करून सांगतो बाई तो नवा मास्तर."

"तुला कोणी शिकवलं?"

"आडावर समद्या बायाला येतंय. तुमी इतकी वर्सं काय शिकवायलाव मंग?"

मास्तर ताटावरून उठले ते थेट गोठ्यात. पोरं फितूर, बायको फितूर. राहिला होता एकटा ढवळ्या. "सूर्यभाननं माणसं शिकवली," ते बैलाला म्हणाले, "त्यात काय मोठं!"

आणि शिकवलं. 'ईट' म्हणायचं आणि मूठभर सरकी पुढं करायची. 'ब्रिंग', पुन्हा सरकी. 'स्लीप' म्हणायचं आणि रिकामा हात दाखवायचा. बघता बघता ढवळ्या ट्रान्झिटिव्हला मान हलवू लागला, इन्ट्रान्झिटिव्हला दगडासारखा उभा. एकदा 'डाय' ऐकून त्यानं सुस्कारा टाकला, पण मान हलवली नाही.

जळण्याच्या भरात मास्तर एक मात्र विसरले. साहेबांचा दौरा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी होता. पोळ्याला ढवळ्या दारोदार फिरला, ज्यानं त्यानं त्याला पुरणपोळी चारली, आणि सगळ्यांत जास्त हात सैल सोडला सूर्यभानच्या आईनं, मनकर्णाबाईनं. सकाळी शाळेच्या पटांगणात साहेबांपुढं बैल उभा. शिंगांचा हिंगूळ ताजा, पोट नगाऱ्यासारखं.

"ईट!" मास्तर गरजले. ढवळ्यानं सरकीकडं बघितलंसुद्धा नाही.

"ब्रिंग!" ढवळ्यानं डोळे मिटले.

साहेब चष्मा पुसू लागले. तेवढ्यात सूर्यभान पुढं आला आणि हळूच म्हणाला, "गुरुजी, लय खाल्लंय त्यानं. आज राहू द्या की."

त्याचा आवाज ऐकताच ढवळ्यानं दावं तोडलं, सूर्यभानच्या मागोमाग वर्गात शिरला आणि मागच्या बाकाशी बसला. फळ्यावर क्रियापद उमटलं की मान बरोबर हलू लागली. सरकीशिवाय!

रंगनाथ मास्तर दारात उभे. साहेबांनी दहावी सूर्यभानला दिली, ते त्यांनी ऐकलंही नसेल. ज्याला मुठीमुठीनं चारून शिकवलं, तो त्या कालच्या पोराकडं कसा टक लावून बघायलाय! असं तर त्यांच्याकडं कधी कोणी, उभ्या नोकरीत कोणी...

"बस करा दत्तराव आबा!" आबांची गोष्ट ऐकत बसलेला बन्सीधर ताडकन उठला. "किती खोटं बोलायलाव! मी होतो त्या वर्गात. बैल कुठला? मास्तरकडं बैलच नव्हता. मागच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले ते खुद्द रंगनाथ मास्तर, अन् सूर्यभान सरानं इचारलं तवा समद्यांच्या आधी हात त्याईनंच वर केला!"