वाणात गेलेली चांदी

बकुळाची चिठ्ठी काही केल्या निघत नव्हती. सलग अकरा महिने, दर दहा तारखेला, अंजनीवहिनी पेल्यात हात घालायच्या, नाव वाचायच्या आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असायचं. बदलापूरच्या त्यांच्या इमारतीतल्या बारा बायकांची ही भिशी तशी जगावेगळी. रोख पैसे हातात आले की भाजीत नाहीतर मोबाइलच्या रिचार्जमध्ये जातात, म्हणून अंजनीवहिनींनी नियमच केला होता की, दर महिन्याला प्रत्येकीने दहा ग्रॅमचं एक चांदीचं नाणं आणायचं आणि चिठ्ठी निघेल तिने सगळी बारा घेऊन जायची. भिशी सुरू झाली तेव्हा नाणं हजाराच्या आसपास मिळायचं, त्यामुळे या नियमावर कुणी डोकं चालवलं नाही.

मग चांदीच्या अंगात आलं. दिवाळीपर्यंत भाव दुपटीजवळ पोचला, नाताळात दुपट मागे पडली आणि संक्रांतीला नाणं तीन हजारांवर जाऊन बसलं. ज्या बायका अकरा महिने बकुळाला ‘बिचारी’ म्हणत होत्या, त्याच आता जिन्यात तिला वाट करून देऊ लागल्या, कारण बारावी आणि शेवटची भिशी तिचीच होती.

बकुळाला पैशांचं काय करायचं हे अकरा महिन्यांपासून पाठ होतं. तिचं पोळीभाजी केंद्र होतं, दिवसाला तीनशे पोळ्या. कणीक तिंबून तिंबून उजव्या मनगटाने असहकार पुकारला होता. हल्ली चहाचा कपसुद्धा ती डाव्या हाताने उचलायची. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये तिने कणीक मळायचं मशीन बघून ठेवलं होतं, किंमत चौतीस हजार. बारा नाणी विकली की मशीन घरात.

पण हातात आली अकराच. बारावं नाणं संजीवनीचं. तिची चिठ्ठी पहिल्याच महिन्यात निघाली होती, तिने नाणी विकून वॉशिंग मशीन घेतलं होतं. आता नवरा राजू, त्याचं अंबरनाथच्या कंपनीतलं काम नोव्हेंबरात सुटलेलं. दहा तारखेला तिने नाण्याऐवजी हजाराची रक्कम पुढे केली. म्हणाली, “मी घेतली तेव्हा हाच भाव होता ना?”

बकुळाचं डोकं फिरलं. “आम्ही चांदी आणायची आणि तू कागद द्यायचे? कपडे धुताना बरं आठवलं नाही,” असं ती सगळ्यांसमोर बोलून गेली. संजीवनीने नोटांची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि उठली. तिचा चेहरा बघून बकुळाला वाईट वाटलं होतं, पण तेव्हा भाव वाढत होता आणि वाईट वाटून घ्यायला तिला सवड नव्हती.

सवड नव्हतीच. रोज सकाळी पहिला तवा चढवायच्या आधी ती कॅम्प तीनच्या सराफाला, मुकेशशेठला, फोन लावायची. “ताई, आज भी ऊपर,” मुकेशशेठ म्हणायचा. “बेचना है तो आ जाओ, नाही तर रुका.” बकुळा रुकायची. दिवसभर काही न करता आपण श्रीमंत होतोय, या कल्पनेने तिच्या पोळ्याही टम्म फुगू लागल्या. गिऱ्हाइकाला ती एक पोळी जास्त घालायची आणि स्वतःशीच हसायची.

चोरांची भीती मात्र होती. भिशीची बातमी तळमजल्याच्या वॉचमनपर्यंत पोचलेली. कपाट काय, चोर आधी तिथेच जाणार. घरी हळदीकुंकू ठरलं होतं. वाणासाठी तिने स्टीलचे छोटे डबे आणले होते, प्रत्येकात तीन तिळाचे लाडू. दुकानदार डझनानेच देतो आणि यायच्या होत्या अकराजणी, म्हणून एक डबा जास्तीचा. बकुळाने अकरा नाणी रुमालात बांधून त्या डब्याच्या तळाशी घातली, वर लाडू ठेवले आणि खूण म्हणून झाकणावर हळदीचं बोट लावलं. एवढ्या डब्यांत चोर कुठला शोधतोय? स्वतःच्या हुशारीवर ती फार खूश झाली.

तिची सून कीर्ती गुणी मुलगी. संध्याकाळी तिने पाहिलं, एकाच डब्याला हळद लागलीय, बाकीचे कोरेच. सासूबाई विसरल्या असतील म्हणून तिने सगळ्या डब्यांना हळदीकुंकू लावून टाकलं.

बायका आल्या. संजीवनीही आली, भांडण असलं तरी हळदीकुंकवाला नाही म्हणत नाहीत. बकुळाने सगळ्यांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला, आणि कीर्ती आतून आणून देईल तो डबा गप्पांच्या भरात न बघताच, हसत हसत एकेकीच्या हातात ठेवला. सगळ्या गेल्यावर उरलेला डबा उघडला. तीन लाडू. लाडू काढले, तर खाली डब्याचा चकचकीत तळ आणि त्यात बकुळाचं तोंड.

“आई, मी फक्त शोभेसाठी लावलं हो,” कीर्ती रडवेली झाली.

आता करायचं काय? दिलेलं वाण परत मागत नाहीत. मागितलं तर इमारतीत सात पिढ्या नाव निघेल. दुसऱ्या दिवशी तीनशे पोळ्या लाटून बकुळा दारोदार फिरली. “लाडू कडक झालेत का गं? बघू,” असं म्हणत प्रत्येकीचा डबा उचलून वजन जोखायचं. एकीने लाडवांची कृती लिहून घेतली, दुसरीने कडक लाडवांवर उपाय सांगितले. अंजनीवहिनींनी तर डबा रिकामा करून त्यात मोहरी भरलेली. दहा घरं झाली. अकरावं राहिलं, आणि त्या दाराची बेल दाबायला बकुळाचं बोट धजेना. ज्या तोंडाने संजीवनीला बोलले, त्याच तोंडाने आता मागायचं कसं? तिला स्वतःचीच लाज वाटली. मशीन गेलं, मनगट गेलं, असं मनाशी म्हणत ती जिना उतरली.

घरी पोचते तो मुकेशशेठचाच फोन. “ताई, बत्तीसशे.” बकुळाला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळेना.

दोन दिवसांनी संजीवनीचं हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. वाण साधंच, एकेक कंगवा. बकुळाची पाळी आली तेव्हा संजीवनी आत गेली आणि हळदीकुंकू लावलेला स्टीलचा डबा घेऊन आली. बकुळाच्या हातात तो एकदम जड लागला. तिने कसाबसा पदर सावरला, जिन्याच्या वळणावर जाऊन झाकण उघडलं. लाडू गायब. रुमाल तसाच, गाठ न सोडलेली. आणि रुमालावर एक सुटं नाणं, जुनं, झिजलेलं, लक्ष्मीच्या पावलांशी वर्षानुवर्षांचं कुंकू बसलेलं.

ती तशीच परत वर गेली. बाकीच्या बायका पांगल्या होत्या.

“संजीवनी, हे देवातलं आहे.”

“आईने लग्नात दिलेलं,” संजीवनी म्हणाली. “दहा ग्रॅमचंच आहे, हवं तर मुकेशशेठकडे तोलून घ्या. भिशीचा नियम आहे ना.”

“हे मी घेणार नाही.”

“वाण परत करत नाहीत, वहिनी. तुम्ही दहा घरचे डबे उचलून बघितलेत, माझ्याकडे का नाही आलात ते कळलं मला.” एवढं बोलून तिने डोळे पुसले आणि ती हसायला लागली. “लाडू चांगले होते. कडक नव्हते.”

बकुळालाही हसू फुटलं. “मी त्या दिवशी वाईट बोलले गं. चुकले,” ती म्हणाली. मग सवयीने तिच्या डोक्यात हिशेब चालू झाला. बत्तीसशे गुणिले अकरा. मशीन येत होतं, वर गव्हाच्या पोत्याला उरत होतं.

“रथसप्तमी कधी आहे?” तिने विचारलं.

“रविवारी. का?”

“उद्या संध्याकाळी माझ्याकडे परत हळदीकुंकू आहे. एकटीच ये.”

“आत्ता तर झालं तुमचं.”

“रथसप्तमीपर्यंत कितीदाही करता येतं,” बकुळा जिना उतरता उतरता म्हणाली. “आणि या वेळी लाडू खायच्या आधी डब्याचा तळ बघ.”