फास्ट डिस्क आणि जिवलीचं गाणं

“हिचा आवाज कुठाय?” दीपिकानं विचारलं.

लग्नांचे व्हिडिओ काढणाऱ्या मेहुलनं लॅपटॉपचा आवाज वाढवला. “हा काय! मस्त वाजतोय.”

पडद्यावर जिवली भिंतीवर रंगवलेल्या लग्नचौकासमोर बसून गात होती. ओठ हलत होते, हात ताल धरत होता आणि तोंडातून येत होतं हिंदी सिनेमातलं प्रेमगीत, तेही कुणा कोवळ्या पोरीच्या आवाजात. खरी जिवली दुकानातल्या बाकावर गळ्याला फडकं गुंडाळून बसली होती. ती बोलू शकतच नव्हती.

जिवली धवलेरी होती. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते. तिनं गाऊन देवांना बोलावल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. बोईसरच्या पूर्वेकडच्या कितीतरी पाड्यांवरची लग्नं जिवलीनं लावली होती. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तरी ती शेजारच्या चिंतूच्या मुलीचं हे लग्न लावून मगच दवाखान्यात गेली. तिची भाची दीपिका कारखान्यात पॅकिंगला जायची, तिला गाणी अर्धीमुर्धीच येत. म्हणून जिवलीनं मांडवातच या मेहुलला बजावलं होतं, “माजा गाना सगला घे. कापू नको. माजे मागून ही पोर त्याच्यावरून शिकंल.” “टेन्शन नको, मावशी,” असं म्हणून यानं मान डोलावली होती.

आणि आता हे.

“गाणं लय लांब होतं ना,” मेहुल म्हणाला. “पब्लिक बोअर होते. म्हणून वरून म्युझिक टाकलं.”

“मंग न कापलेला गाना असंल ना तुमच्याकडं? तो द्या आमाला.”

“ते उडवलं.”

“उडवला म्हंजे?”

त्याचा चेहरा जरा तरी पडायला हवा होता. तो उलट खुलला. लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारत सांगू लागला, “यात सात हजार दोनशेची हार्ड डिस्क बसवलीय. मिनिटाला तेवढे चक्कर मारते. साधी असते चोपन्नशेची, एडिटिंगला रडवते नुसती. पण ही भरत आली की स्लो होते. म्हणून एक लग्न दिलं की मी सगळं साफ करतो, कॅमेऱ्याचं कार्डपण. म्हणून तर पूर्ण बोईसरमध्ये माझी डिलिव्हरी सगळ्यात फास्ट!”

“घाई कोनाला होती?” दीपिका ओरडली. “आमाला होती? तुमची डिस्क पलावी म्हनून आमचे देव पुसलं तुमी?”

“अरे, देव कुठून आले यात? परत काढायला बघितलं असतं, पण त्या जागेवर दोन लग्नं भरून झालीत. आता काही निघणार नाही.” मग त्याला मोठ्या मनानं उपाय सुचला. “मावशीला सांग ना परत गायला. आत्ता घेतो, फुकट. एकदम क्लिअर.”

गळ्यावरचं फडकं त्याच्या समोर होतं. बघायला याला वेळ नव्हता, इतका हा फास्ट माणूस!

दीपिकानं लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलला. तो जमिनीवर आदळणार, तेवढ्यात जिवलीनं तिचं मनगट धरलं. लॅपटॉप खाली ठेवायला लावला, तिला ओढून आपल्यासमोर बसवलं आणि तिची हनुवटी आपल्याकडं वळवली.

मग जिवली गाऊ लागली. आवाज नव्हता, फक्त ओठ हलत होते आणि तळहात मांडीवर ताल धरत होता. दीपिकानं ओळखलं. धरतरी, भुईची देवी. तिनं ते नाव मोठ्यानं म्हटलं. मग कणसरी, धान्याची देवी. मग हिरवा देव. जिवलीची मान प्रत्येक नावाला हलत होती. पुढचं कडवं आलं आणि दीपिका अडकली. जिवलीनं तेच पुन्हा सावकाश म्हटलं. दीपिका तिच्या ओठांकडं डोळे ताणून बघत राहिली. तिसऱ्यांदाही तिला शब्द कळला नाही.

जिवलीनं जरा वाट पाहिली. मग तिचे ओठ पुढं हलू लागले, उरलेल्या देवांना बोलावत, आणि दीपिका तिच्या मांडीवरचा ताल तेवढा आपल्या मांडीवर धरत राहिली.