टाके घातलेली वाट

तिच्या नवऱ्याने मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवायचा चिमटा आणला, त्या दिवशी घरात दोन तट पडले. अकरा महिन्यांची लेक तेवढी तटस्थ राहिली. तिला तो चिमटा चोखायला मिळाला होता.

सासरे पोस्टातून निवृत्त झाले तेव्हाच बेत ठरला होता. परदेशात जायचं, तिथे मोटारसायकल भाड्याने घ्यायची आणि बंदरापासून डोंगरातल्या तळ्यापर्यंत बारा दिवस हिंडायचं. सासूबाई मागे बसणार, हातात कागदाचा नकाशा. तीस वर्षं दोघं असेच फिरले होते. डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, दोन्हींवर म्हणजे थांबा, आणि पाठीला चिमटा म्हणजे चुकलात. सासरे बायकोला सारथीच म्हणायचे.

"बाबा, फोन स्वतः बोलून रस्ता सांगतो," नवरा म्हणाला.

"चिमटा काढतो का?"

"नाही हो."

"मग चुकलो ते मला कळायचं कसं?"

सासूबाई हसल्या, पण मान वर न करता. लोकांचे कपडे शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, आणि आताही मांडीवर कुणाचा तरी झगा होता. "सुई ओवून दे गं," त्या सुनेला म्हणाल्या. "तुझे हात हलके."

सुनेच्या हातांचं कौतुक याआधी कुणी केलं नव्हतं, त्यामुळे हे काम ती आनंदाने करायची. गेले काही महिने रोज सकाळी, बाळ उठायच्या आत, चार-पाच सुया ओवून ठेवायच्या.

शनिवारी सगळी वरात नकाशांच्या दुकानावर गेली. दारातूनच सासरे मागे फिरले. "नकाशा सारथ्याने निवडायचा. मी समोरून हातमोजे घेऊन येतो." नवराही त्यांच्याबरोबर गेला.

दुकान म्हणजे बोळच. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत चपटे खण, आणि मध्ये एक लांब टेबल. नकाशेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवून तीन नकाशे पसरले. "हा साधा कागद, पण माहिती सगळ्यात ताजी. हा गुळगुळीत, पाण्यात भिजत नाही. आणि हा जरा जाड, चिवट. कापडच म्हणा ना."

सासूबाई नकाशाकडे बघतच नव्हत्या. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत एकेकाची कड धरून चोळत होत्या, दुकानात कापडाचा पोत बघावा तशा.

"तुमचं बंदर दाखवा, म्हणजे तिथून रस्ता काढून देतो."

सासूबाईंचं बोट ठामपणे नकाशावर उतरलं. भर समुद्रात.

नकाशेवाल्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. तिने आधी बोट पाहिलं, मग सासूबाईंचा चेहरा. आपलं बरोबर की चूक, हे समोरच्याच्या तोंडावर शोधणारा चेहरा. पहिल्यांदा हात सोडून उभी राहिलेली लेक तिच्याकडे अशीच बघायची.

"बाळाने हात ओढला," ती म्हणाली.

बाळ टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला गुळगुळीत नकाशाचा कोपरा चघळत होतं. "असं होय," म्हणत नकाशेवाले काहीतरी शोधायला आत गेले. भला माणूस होता.

तिने लेकीला उचलून कडेवर घेतलं. "कधीपासून, आई?"

"सुया तुला ओवायला लावल्या तेव्हापासून."

"मला वाटलं, माझे हात हलके."

"तेही आहेतच." सासूबाईंनी आवाज खाली आणला. "मोतीबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले घाई नाही, जाऊन आल्यावर काढू. माणसं दिसतात, रस्ता दिसतो. पाट्या हे वाचतील. पण बारीक अक्षर म्हणजे नुसत्या मुंग्या. हे घरात कळलं की हँडलला फोन लागलाच म्हणून समज. मग मागे बसून मी काय करू? बांधून ठेवलेलं गाठोडंच की मी."

"पण मग नकाशा वाचणार कशा?"

"वाचायला कोण घेतंय? शिवायला घेतेय."

त्यांनी पर्समधून सुई काढली. तिनेच सकाळी ओवलेली, लाल दोऱ्याची. तेवढ्यात बाहेर आलेल्या नकाशेवाल्यांचा जीव वरखाली झाला. "बाई, नवीन मालाला टोचू नका. थांबा, जुन्यांचे तुकडे देतो."

साधा कागद चार टाक्यांत तिकिटांच्या पानासारखा फाटला. गुळगुळीतावर गाठ ठरेना. तिसऱ्यावर सासूबाईंनी दहा टाके घातले, दोन्ही टोकं धरून ओढलं, आणि तो जागचा हलला नाही.

"इतके नकाशे विकले, पण ही परीक्षा कुणी घेतली नव्हती," नकाशेवाले म्हणाले.

"आणि हा चघळलेला?" तिने ओशाळून विचारलं.

"राहू द्या. भिजत नाही म्हणालो होतोच मी."

पुढचे आठ दिवस बाळाची झोप हाच त्यांचा मुहूर्त. ती दबक्या आवाजात गावं वाचायची, शिंप्याच्या खडूने रेघ मारायची. त्या रेघेवरून सासूबाई लाल दोरा चालवायच्या. मोठी गाठ म्हणजे मुक्काम, बारीक गाठ म्हणजे पेट्रोल पंप. मागची बाजूसुद्धा पुढच्याइतकीच नीट. नाहीतर हात शिंपिणीचा कसला? मग डोळे मिटून बोट फिरवायचं. "बंदर. पूल. डावीकडे. पंप. दोन फाटे, त्यातला उजवा." तळं येईपर्यंत चुकलं तर पुन्हा बंदरापासून.

सासरे खोलीत आले की नकाशा पांघरुणाखाली जायचा.

"काय शिवताय?"

"बाळाचं दुपटं."

"मोठं दिसतंय दुपटं."

"बाळ वाढतंय," सासूबाई म्हणायच्या.

निघायच्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात आली. नवऱ्याने तो चिमटा वडिलांच्या बॅगेत कोंबला. "असू दे, अडलं तर लागेल." "असू दे," तेही म्हणाले. मग खिशातून बायकांच्या मापाचे हातमोजे काढून त्यांनी सासूबाईंच्या हातावर ठेवले. अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांची टोकं कापलेली होती, कडा काळ्या दोऱ्याने दुमडून शिवलेल्या. एक टाका लांब, एक आखूड, एक भलतीकडेच.

सासूबाईंनी त्या टाक्यांवरून बोट फिरवलं. कितीतरी वेळ.

"हे कुणी केलं?"

"असेच मिळाले."

"टाके वाकडे आहेत."

"दुकानदार आधी पोस्टात असेल."

"उसवून पुन्हा घालायला हवेत," त्या म्हणाल्या, आणि उसवायच्या ऐवजी त्यांनी ते हातात चढवले. सुनेने सासऱ्यांकडे पाहिलं. ते बॅगेची चेन लावत होते. चेन केव्हाच लागलेली होती.

सासरे पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, सासूबाई मागे, मांडीवर नकाशा. लेकीला कडेवर घेऊन ती फाटकापर्यंत गेली. गल्लीच्या तोंडाशी टॅक्सी जरा थांबली, आणि उघड्या काचेतून तिला दिसलं, उघड्या बोटांचा एक हात पुढे आला आणि सासऱ्यांच्या डाव्या खांद्यावर थाप पडली.

सासऱ्यांनी लगेच ड्रायव्हरला हाताने डावी बाजू दाखवली. त्याने आधीच डावीकडे वळवायला घेतली होती, तो भाग वेगळा.