एकटीची तीन मिनिटं

"कुणाला धरलंयस?" चंद्रिकाने विचारलं.

गाणं थांबलं होतं. रेवाने आरशात पाहिलं. तिचा डावा हात खांद्याच्या उंचीवर आला होता, कोपर किंचित वाकलेलं, बोटं खाली वळलेली, जणू तिथे कुणाचा तरी खांदा होता. मागच्या रांगेतल्या दोघी हसल्या. वाईट हेतूने नाही, पण हसल्या. रेवाने हात खाली घेतला आणि तिला घाम फुटला.

चेन्नईत टी. नगरमधल्या एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत चंद्रिकाचा हा बेली डान्सचा क्लास चालायचा. दर शनिवारी सकाळी सहा-सात बायका कमरेला नाण्यांचे पट्टे बांधून उभ्या राहायच्या. रेवा चार महिने येत होती आणि चार महिने तिचा हात असाच वर जात होता.

तो खांदा श्रीवत्सचा होता. आठ वर्षांपूर्वी रेवा सांगलीहून नोकरीसाठी चेन्नईला आली, पेरुंगुडीच्या एका ऑफिसात लागली, आणि शनिवार-रविवार खायला उठतात म्हणून साल्साच्या क्लासला गेली. तिथे पहिल्याच दिवशी ज्याच्यासमोर तिला उभं केलं, त्याने तिचं आडनाव ऐकून मराठीत विचारलं, "कोण्या गावची गे तू?" तिला ते दोनदा ऐकावं लागलं. श्रीवत्सचं घराणं तंजावरचं. त्याच्या घरात अजून ती जुनी मराठी बोलत, तमिळच्या सुरात. तो स्वतः तमिळमध्येच जास्त मोकळा होता. पण नाचताना बोलायची गरजच नव्हती. त्याच्या तळहाताचा एवढासा दाब आला की तिला कळायचं, आता वळायचं आहे. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. बंगळुरूच्या स्पर्धेत एकदा तिसरे आले.

मग मागच्या वर्षी जुलैमध्ये सिरुसेरीला कंपनीच्या बसमधून उतरल्यावर श्रीवत्स बुटाची नाडी बांधायला वाकला आणि त्याला सरळ होता येईना. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टर म्हणाले, सहा महिने विश्रांती, मग बघू. सहा महिन्यांचे पंधरा झाले. तो घरूनच काम करायला लागला, कमरेला पट्टा लावून, दर अर्ध्या तासाने उठून. आणि रेवा त्या 'मग बघू'ला धरून बसली.

"तू बरा झालास की पुन्हा सुरू करू," ती त्याला म्हणाली होती. "तोवर माझं अंग विसरायला नको. म्हणून हा क्लास लावते."

"सरि," श्रीवत्स म्हणाला होता. म्हणजे ठीक आहे.

तिला वाटलं होतं, सात वर्षं नाचलोय, कंबर हलवणं काय कठीण. पहिल्याच दिवशी लक्षात आलं की नाचताना ती कायम थांबलेली असते. साल्सात तिचं कौतुक व्हायचं ते त्यासाठीच. ती कधी घाई करायची नाही, अंदाज बांधायची नाही, वजन एका पायावर तोलून जोडीदाराच्या हाताची वाट बघायची. इथे हातच नव्हता. छाती स्थिर ठेवून नुसती उजवी कंबर खाली सोडायची, एवढंच चंद्रिका सांगायची. रेवाला ती कधी सोडायची तेच कळायचं नाही.

सप्टेंबरच्या शेवटी चंद्रिकाने जाहीर केलं की दिवाळीआधीच्या रविवारी छोटा कार्यक्रम करायचा. घरची माणसं बोलवायची. प्रत्येकीने एकटीने तीन मिनिटं नाचायचं, समोर फक्त ढोल.

"गाणं कुठलं?" रेवाने विचारलं.

"गाणं नाही. दिव्यश्री दरबुका वाजवेल. तू नाच, ती वाजवेल. ठरवून काही करायचं नाही."

दिव्यश्री चंद्रिकाची मैत्रीण. लहानपणापासून मृदंगम् शिकलेली, आता मांडीवर तो अरबी ढोल आडवा घेऊन वाजवायची. रेवाने तिला क्लासमध्ये दोनदा पाहिलं होतं. ठरवून काही नाही, हे शब्द मग महिनाभर तिच्या मागे लागले.

ऑफिसात तीच मेल ती तीनदा वाचायची. जेवताना दोन घासांनंतर नको व्हायचं. तिने एका कागदावर तीन मिनिटांचे तुकडे पाडले, वीस सेकंद हे, वीस सेकंद ते, आणि पाठ केले. चंद्रिकाला तो कागद सापडला तेव्हा तिने वाचला आणि शांतपणे परत दिला. "हे दिव्यश्रीला माहीत नाही," ती म्हणाली. "ती तुझ्या कागदाप्रमाणे वाजवणार नाही."

घरी रेवा हॉलमध्ये सराव करायची. श्रीवत्स खुर्चीत बसून बघायचा. एका संध्याकाळी तिला वाटलं, आज जमतंय. कंबर वेळेवर सुटत होती, वळणं नीट येत होती. मग तिची नजर खुर्चीच्या हातावर गेली. श्रीवत्सची बोटं हलत होती. तर्जनी उचलली की ती वळत होती, तळवा दाबला की ती थांबत होती. दोघांनाही ते एकाच वेळी कळलं. रेवा हसली. श्रीवत्स हसला नाही. त्याने हात मांडीखाली घेतला, आणि दुसऱ्या दिवसापासून ती सराव करायला लागली की तो आत जाऊन दार लावून घ्यायचा.

दाराआड तो काय करतो, याची तिला काळजी वाटायची. त्याचं बोलणंच कमी झालं होतं. ऑगस्टमध्ये तो एकटाच डॉक्टरकडे जाऊन आला होता. काय म्हणाले, विचारल्यावर "आहे तसंच आहे" म्हणाला. त्यानंतर एमआरआयची मोठी पिशवी कपाटावरून नाहीशी झाली. तिने शोधली नाही. शोधली तर सापडेल, असं तिला वाटत होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी ती सकाळपासून फक्त कॉफी प्यायली. हॉल टी. नगरमध्येच होता, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. पन्नास-साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, कडेला दोन खांब, छोटासा लाकडी मंच. बाहेर रस्त्यावर दिवाळीच्या खरेदीची गर्दी, बसचे हॉर्न खिडकीतून आत येत होते. माळलेल्या मोगऱ्याचा वास खोलीभर पसरला होता. रेवाने हिरवा घागरा घातला होता आणि उघड्या पोटावरून ओढणी गुंडाळून घेतली होती.

"तू कुठे बसणार?" तिने श्रीवत्सला विचारलं.

"मागं. खांबाजवळ. उभा राहायला बरं पडेल."

"मला दिसशील?"

त्याने तिच्याकडे क्षणभर बघितलं. "जा तू," तो म्हणाला.

तिचा नंबर चौथा होता. तिसरीचं नाचणं तिने पाहिलंच नाही, ती पडद्यामागे भिंतीला टेकून हातांचा घाम ओढणीला पुसत होती. नाव पुकारलं गेलं. ओढणी काढून खुर्चीवर टाकली तेव्हा पोटाला पंख्याचा वारा लागला आणि तिला एकदम शाळेतल्यासारखी लाज वाटली. ती मंचाच्या मधोमध जाऊन उभी राहिली.

दिव्यश्री डाव्या बाजूला बसली होती. तिने बोटांनी एक लांब लहर वाजवली, ती वाढत गेली, आणि एका ठोक्यावर थांबली. तिने मान वर करून रेवाकडे पाहिलं.

रेवा थांबली. आता पुढचं वाजेल, असं तिला वाटलं.

वाजलं नाही.

कागदावरचं पहिलं काय होतं ते तिला आठवेना. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. एका खुर्चीचा पाय फरशीवर घासला. पंखा फिरत होता. तिला जाणवलं, आपला डावा हात वर येतोय, आणि ती तो खाली आणू शकत नव्हती. तिने खांबाकडे पाहिलं. खांबाजवळ कुणी नव्हतं. दुसऱ्या खांबाकडे पाहिलं, तिथे एक म्हातारे गृहस्थ चष्मा पुसत होते. श्रीवत्स कुठेच दिसेना. त्याला काही झालं का, पाठ धरली का, जिन्यात पडला का, असं सगळं एकदम डोक्यात आलं, आणि मंचावरून उतरून पळावं असं तिच्या पायांना वाटलं.

तिने पुन्हा दिव्यश्रीकडे पाहिलं, निदान तिची तरी माफी मागावी म्हणून. दिव्यश्री वैतागलेली नव्हती. ती किंचित पुढे झुकून, बोटं चामड्याच्या जरा वर धरून, डोळे रेवाच्या कमरेवर ठेवून बसली होती. ते बसणं रेवाच्या ओळखीचं होतं. सात वर्षं ती स्वतः तशीच उभी राहिली होती. दिव्यश्री वाट बघत होती. ती घाई करणार नव्हती, अंदाज बांधणार नव्हती, आणि रेवा हलल्याशिवाय वाजवणार नव्हती.

रेवाचे गुडघे कापत होते. उजवा गुडघा सुटला आणि कंबर खाली आली. ती मुद्दाम सोडली की आपोआप सुटली, हे तिला नंतरही सांगता आलं नाही. डुम, असा ठोका पडला. अगदी त्याच क्षणी, मागे नाही, पुढे नाही.

तिने ती पुन्हा सोडली. डुम. डावीकडून सोडली. डुम. मग ती थांबली, आणि ढोलही थांबला. कुणीतरी हसलं, या वेळी आनंदाने. मांड्यांची थरथर थांबत नव्हती, म्हणून तिने ती थांबवायचा नाद सोडला आणि वाढू दिली. पट्ट्याची नाणी खळखळायला लागली तशी दिव्यश्रीची बोटं धावायला लागली. भीती गेली नव्हती. मध्येच एक गिरकी चुकली, पट्टा कमरेवरून सरकला, तो तिने एका हाताने धरून ठेवला. तीन मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात तिने दोन्ही हात खाली सोडले आणि संपवलं. दिव्यश्रीला शेवटचा ठोका घाईने द्यावा लागला.

टाळ्या पडल्या. पडद्यामागे चंद्रिकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "सुरुवात फार उशिरा झाली," ती म्हणाली. "शेवट फार लवकर. मधलं तुझं होतं."

रेवाने कपडे बदलले नाहीत, अंगावर ओढणी घेतली आणि सरळ जिन्याकडे गेली. श्रीवत्स खालच्या पायरीवर कठड्याला धरून उभा होता. सुखरूप. ते पाहिल्यावर तिला आधी हायसं वाटलं आणि मग राग आला.

"कुठे होतास?"

"मी बघितलों नाही," तो म्हणाला. "ती वाजवायची थांबली, तू उभीच होतीस. मला राहवेना. तिथं असतों तर माझा हात वर गेला असता. तू बघितली असतीस. तसं होऊं नये म्हणून बाहेर आलों. इथं आल्यावर ढोल ऐकूं आला."

"मला वाटलं तू पडलास."

"नाही पडलों."

रिक्षात बसलं की त्याची पाठ धरायची, म्हणून ते टॅक्सीसाठी मोठ्या रस्त्यापर्यंत चालत निघाले. गर्दीत पिशव्यांचे धक्के लागत होते. रेवा त्याच्या बाहेरच्या बाजूने, त्याला धक्का बसू नये अशी चालत होती. एका रसवाल्यापाशी ते थांबले. दिवसभर पोट रिकामं होतं, तिने मोसंबीचा एक ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. तो येईपर्यंत तिने विचारलं. विचारायचं ठरवलं नव्हतं.

"ऑगस्टमध्ये डॉक्टर काय म्हणाले?"

"चालायचं. पोहायचं. ते चालेल म्हणाले. नाचायचं नाही. वळवणं, उचलणं, वाकणं, अस्कं नको. यातलं काहीच."

"किती दिवस?"

"दिवस नाही. कायमचं."

दुसरा ग्लास आला. तिने तो हातात धरला. थंड होता.

"तीन महिने झाले," ती म्हणाली. "तीन महिने तू मला 'तोवर, तोवर' म्हणू दिलंस."

"कसं सांगूं? सांगितलं तर तू हा क्लासही सोडशील, असं भय वाटलं." मग हलक्या आवाजात, "आणि सोडणार नाहीस, याचंही वाटलं."

रेवाला रडू येत होतं, पण भर रस्त्यात, नाचाच्या घागऱ्यात, हातात रसाचा ग्लास घेऊन रडायचं तिने टाळलं. अर्धा ग्लास तिने त्याच्यापुढे केला. तो प्यायला.

"पिशवी कुठे आहे?" तिने विचारलं.

"गादीखाली."

"पुढच्या वेळी डॉक्टरकडे मी येणार. तू सांगितलेलं मला नको, मी ऐकणार."

"सरि," तो म्हणाला.

गुरुवारी तिने अर्धी रजा काढली. डॉक्टरांनी तिला चित्रं दाखवली, कुठली चकती, कुठली नस. तिने पाच प्रश्न विचारले आणि पाचांची उत्तरं श्रीवत्सने सांगितलेलीच मिळाली. बाहेर बाकावर बसून ती बराच वेळ रडली. श्रीवत्सला बाक मानवत नाही, म्हणून तो तिच्याशेजारी उभा राहिला.

शनिवारी ती क्लासला गेली. बाकीच्या अजून यायच्या होत्या. चंद्रिका खिडक्या उघडत होती.

"नवऱ्याची पाठ कशी आहे?" तिने विचारलं.

रेवाने सांगितलं. चंद्रिका खिडकीपाशी थांबली.

"तो बरा होईपर्यंत येईन, म्हणाली होतीस. मग आता तू किती दिवस येणार?"

"माहीत नाही," रेवा म्हणाली, आणि पट्टा बांधायला लागली.