बाहेर थांबा

"सरिताबाई, तुम्ही जरा बाहेर थांबा," डॉ. विश्वनाथ खोत म्हणाले आणि स्वतःच चपापले. सिल्वासात लहान मुलांना तपासता तपासता त्यांचे केस पिकले, पण आजवर एकाही आईला त्यांनी खोलीबाहेर काढलं नव्हतं. "बाई, घट्ट धरा हिला," एवढंच काय ते त्यांचं आयांशी बोलणं.

हा सगळा त्या नव्या प्रशिक्षणाचा प्रताप. मुलांच्या मनातली चिंता कशी ओळखायची हे शिकवायला मुंबईहून एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्यांनी खोतांना घाबरलेलं मूल व्हायला लावलं, तेव्हा सगळा हॉल हसून लोळला. जाताना बाई बजावून गेल्या होत्या: पोट सारखं दुखतं, तपासण्यांत काही सापडत नाही, असं मूल आलं तर त्याच्याशी एकट्याशी बोला.

असं मूल आज समोरच होतं. डोकमर्डीच्या चाळीतली आठ वर्षांची गुड्डी. आई कंपनीत आणि ती शाळेत निघायची वेळ झाली की पोट धरून बसायची. जंताचं औषध झालं, सोनोग्राफी झाली. दर वेळी सरिता म्हणायची, "सुई तरी द्या, साहेब," आणि तिच्या समाधानासाठी खोत ताकदीची सुई टोचून मोकळे होत. आता दुखणं थांबलं नाही तर पोरीला धुळ्याकडे आजीपाशी धाडायचं, असं घरात ठरलं होतं.

सरिता उठली तशी गुड्डी पांढरीफटक पडली. तिने फ्रॉकची बाही खांद्यापर्यंत सरकवली आणि दंड पुढे केला.

"सुई द्या," ती रडत म्हणाली. "दोन द्या. पन मायले बाहेर नका काढू."

मुंबईच्या बाईंनी शिकवलं तसंच तर केलं, मग चुकलं कुठे? की चुकलं म्हणूनच सापडलं? आणि ते एवढं समोर होतं, तर इतके दिवस आपण टोचत काय बसलो होतो? खोतांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्यांनी सरिताला पुन्हा बसवलं. "हिचं पोट चांगलं आहे. तुम्ही परत याल की नाही, याची भीती आहे तिला. गावी तर मुळीच पाठवू नका."

सरिता गोंधळून लेकीकडे बघत राहिली. "शेजारनीचं बोट मशीनमधी गेलं ना, तवापासून रोज इचारते, तू येशीन ना? मले वाटलं, पोरबुद्धी हाय." मग ती म्हणाली, "त्याले औषध काय, साहेब?"

"निघताना खरी वेळ सांगा. आणि त्या वेळेला घरी या."

"मलेच कुठं माहीत असते? सुपरवायझर ऐन टायमाले सांगतो, आज डबल शिफ्ट कर. नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गेटावरूनच वापस."

यावर काय बोलायचं, हे प्रशिक्षणात नव्हतं. गुड्डीचा दंड अजून पुढेच होता. खोतांनी तिची बाही हळूच खाली ओढली.

तिने ती पुन्हा वर सरकवली.