नवरीकडच्या चटया

या, बसा असे पंख्याखाली. लगीनसराई सुरू आहे, म्हणून लग्नाचीच एक गोष्ट सांगतो तुम्हाला. मांडव आहे, पंगत आहे, रडारड आहे, सगळं आहे तिच्यात. फक्त मधेच उठून जाऊ नका. ही गोष्ट अर्धी ऐकली की अंगाला चिकटते.

गोकुळ रोडला विठ्ठलरावाची लेथची शेड आहे. माणूस कसा, तर आवाज लेथपेक्षा मोठा आणि काळीज लोण्याचं. लगीन केलं नाही त्यानं. थोरला भाऊ आणि वहिनी एकदमच गेले, अपघातात, तेव्हा त्यांची पोरगी श्रीलक्ष्मी रांगत होती. ती यानं उचलून आणली. वेणी घालायला शिकला, पोळी लाटायला शिकला. ती त्याला अप्पा म्हणते. मिरज-निपाणीकडं भाऊबंद होते, पण शेताच्या बांधावरून जे तुटलं ते तुटलं. दिवाळीला फोन नाही, मयताला खांदा नाही. घरात दोघंच. आणि भिंतीपलीकडं अंबूताई, म्हातारी, सगळ्या आळीचे सोपस्कार तोंडपाठ असलेली.

पोरीचं लगीन ठरलं धारवाडच्या साकेतशी. शाळामास्तर, गुणी पोरगा, आणि गोतावळा एवढा की आत्यांचीच एक बस भरावी. पोरीनं अट घातली. हॉल नको, थर्माकोल नको, प्लास्टिकची फुलं नकोत. रायापूरच्या अलीकडं साकेतच्या दोस्ताची आंब्याची बाग आहे, तिथं झाडाखाली लगीन, आणि सजावट सगळी घरी, आपल्या हातानं.

विठ्ठलराव आधी करवादला. म्हणाला, लोक म्हणतील म्हाताऱ्यानं चिकटपणा केला. पण चार दिवसांत तोच रंगून गेला. मक्याच्या कणसांची सालं हळदीत नि बिटाच्या पाण्यात उकळून पोरीनं झेंडू केले, खऱ्या झेंडूला लाजवतील असे. करवंट्या घासून यानं दिवे केले, लेथवर कडा अशी उतरवली की बोट फिरवावं. रुखवतात मांडायला जोंधळ्याच्या ताटांची पालखी केली, आत सुपारीचे नवरानवरी.

राहिल्या चटया. झाडाखाली बसायचं म्हणजे चटया हव्यात. मुलाकडचे त्यांची जाजमं आणणार होते. नवरीकडच्या चटया आपण विणायच्या, पाणकणसाच्या पातीच्या. तळ्याकाठी उगवतं ते, उंच, हिरवं, वर तपकिरी कणीस.

पोरीनं सहज विचारलं, "अप्पा, आपल्याकडच्या किती माणसांच्या करू?"

विठ्ठलराव करवंटी घासत होता, तो घासतच राहिला. आपल्याकडची माणसं म्हणजे कोण? शेडमधले दोघं-तिघं, अंबूताई आणि तो. मिरजेला जाऊन हातापाया पडून आला होता तो. कुणी दार उघडून चहासुद्धा विचारला नव्हता. तिकडं साकेतची दोनशे माणसं, आणि पोरीच्या बाजूला उघडी जमीन. बिनगोताची पोरगी म्हणून सासरी कुणी बोट दाखवलं तर? बाकी कशाची काळजी नव्हती, या एकाच गोष्टीनं त्याला झोप येत नव्हती.

"कर की भरपूर," तो म्हणाला. "येतील."

तर पाणकणीस आणायचं उणकलच्या तळ्यावरून, मागच्या अंगानं, जिकडं फिरायला येणारी माणसं जात नाहीत. अंबूताईनं बजावून सांगितलं की लग्नासाठी झाडापेडाला हात लावायचा तर आदल्या दिवशी अक्षत-सुपारी ठेवायची आणि सांगायचं, उद्या तुला न्यायला येतो. एवढंच बोलायचं आणि मागं फिरायचं. जास्तीचं एक अक्षर बोलायचं नाही. विठ्ठलराव म्हणाला, अहो अंबूताई, मी काय तळ्याशी गप्पा मारणार आहे का?

दुपार कलती होती. हा काठावर गेला, दगडावर अक्षत ठेवली, सुपारी ठेवली, हात जोडले. म्हणाला, "उद्या न्यायला येतो." आणि मागं फिरायचं तर फिरला नाही, वेडा. समोर बघत उभा राहिला. पाणकणीस असं दाटीवाटीनं उभं होतं, खांद्याला खांदा लावून, थोरलं मागं, धाकटं पुढं. जत्रेत फोटो काढायला एखादं खटलं उभं राहतं ना, तसं. त्याला वाटलं, एवढा गोतावळा माझ्या पोरीला असता तर.

आणि आपण मराठी माणसं दारोदार अक्षत देताना जे म्हणतो, ते तोंडपाठच असतं की हो. तोंडातून निघून गेलं. "आमच्या श्रीलक्ष्मीचं लगीन आहे. सहकुटुंब, सहपरिवार यायचं. नवरीकडचे म्हणून यायचं. जेवूनच जायचं."

वारा नव्हता. तरी तळ्याकाठचं सगळं पाणकणीस एकदम खाली वाकलं आणि एकदम वर आलं. आपण अक्षत घेताना मान लववतो, तसं.

विठ्ठलराव घरी आला आणि विळ्याला धार लावत बसला. दुसऱ्या दिवशी विळ्यानं पाती कापून आणली. पोरगी विणायला बसली. विणलेली चटई उन्हात टाकायची, संध्याकाळी उचलायची. ऊन असं की पापड दुपारच्या आत वाळावा. पण चटया काही वाळेनात. हात लावला की गार. घरभर तळ्याचा वास, शेवाळ्याचा. पोरगी म्हणाली, छान वाटतंय अप्पा, आपल्या घरात कधी एवढी माणसं आल्यासारखं वाटलं नव्हतं. ती हसत होती. म्हाताऱ्याच्या पाठीवरून मात्र काहीतरी सरपटत गेलं.

लग्नाचा दिवस. आंब्याच्या फांद्यांना मक्याचे झेंडू, करवंट्यांचे दिवे, जमिनीवर शेणसडा. डाव्या अंगाला साकेतची जाजमं, उजव्या अंगाला आपल्या चटया. साकेतच्या बसेस आल्या, जाजमं भरली. चटयांवर शेडमधली पोरं आणि अंबूताई, म्हणजे वाळवंटात चार बाभळी. विठ्ठलरावानं तिकडं बघायचंच टाळलं. मुहूर्ताची वेळ झाली, अंतरपाट धरला, आणि भटजींनी सूर लावला तेव्हा त्याची मान आपोआप वळली.

चटया भरल्या होत्या.

बायका, बाप्ये, मांडीवर पोरं. काळपट हिरवी नऊवारी लुगडी, बाप्यांच्या डोईला तपकिरी फेटे. खांद्याला खांदा लावून बसलेले. कुणी बोलत नव्हतं, कुणी फोन काढत नव्हतं, सगळे एकटक नवरीकडं बघत होते. विठ्ठलरावाला आधी वाटलं मिरजेहून आले. डोळे भरले त्याचे. धावत गेला, हात जोडून "बर्रि, बर्रि, कूडरि", या, या, बसा, म्हणत राहिला, कानडी नि मराठी दोन्हीत. त्यांनी फक्त माना लववल्या. सगळ्यांनी, एकाच वेळी.

मुलाकडच्या बायका एकमेकींत कौतुक करत होत्या की बघा, माणसं जोडून आहे हो म्हातारा. ते त्याच्या कानावर पडलं. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला त्याला दुसरं काहीही कळून घ्यायचं नव्हतं. अक्षता पडल्या. त्यातली एक त्याच्या ओठावर चिकटली. रात्रभर पाण्यात भिजत घातल्यासारखी फुगलेली, मऊ.

पंगत बसली. विठ्ठलराव यजमान, प्रत्येकाला आग्रह करत फिरत होता. नवरीकडच्या ओळीत पानं चाटूनपुसून साफ. भात गेला, गोड गेलं, भाजी गेली. अंबूताई त्याच्या मागून वाकून चालली होती. तिनं त्याचा सदरा धरला.

"विठ्ठला, मीठ बघ."

पानाच्या वरच्या कोपऱ्यात पहिल्यांदा मीठ वाढतात. सगळ्या ओळीत प्रत्येक पानावर मीठ तसंच होतं, चिमटीनं ठेवल्यासारखं. कुणी बोट लावलं नव्हतं.

"मिठाला शिवत नाहीत ती माणसं नव्हेत, हे तुला सांगायला हवं काय?" म्हातारी म्हणाली. मग हळूच विचारलं, "तळ्यावर काय बोललास तू?"

त्यानं सांगितलं. अंबूताई खालीच बसली. म्हणाली, बोलावलंस, आले. जेवले. आता मानानं जाऊ देत. वाकडं बोलू नकोस कुणाशी.

आणि ती माणसं जायला निघालीही. एकेक उठत होतं, आंब्यांच्या मागं जात होतं, आणि मागं फक्त ओली चटई. विठ्ठलराव मनात सुटलो, सुटलो म्हणत एकेक मोजत होता. तेवढ्यात पाठवणीची घाई झाली. साकेतची गाडी फुलं लावून उभी. पोरगी गळ्यात पडून रडली, गाडीत बसली. पाठराखीण म्हणून अंबूताई जाणार होती. म्हातारी पिशवी सांभाळत दारापाशी गेली आणि तशीच उभी राहिली.

पोरीशेजारच्या जागेवर एक बाई आधीच बसली होती. हिरवं लुगडं. मांडीवर पोरीचं डोकं घेऊन तिचे केस नीट करत होती, ओल्या लांब बोटांनी. लुगड्याच्या काठातून पाणी ठिबकत होतं, गाडीच्या तळाला थारोळं झालं होतं.

पोरगी म्हणाली, "अप्पा, या काकू आपल्याकडच्या आहेत म्हणे. माझ्याबरोबर येतात."

आता पाठराखणीचं काम काय, तुम्हाला ठाऊक आहे. ती नवरीबरोबर सासरी जाते, चार दिवस राहते, आणि परतताना नवरीला माहेरी घेऊन येते. पाठराखीण जिथून आली, त्या माहेरी. विठ्ठलरावाच्या डोळ्यांपुढं तळ्याचं ते मागचं अंग आलं, आणि पाण्यात कमरेएवढी उभी राहिलेली आपली पोरगी.

त्यानं बाईला ओढून काढलं नाही. पाहुणी होती, आणि बोलावलेली. साकेतला हळूच सांगितलं की पोरीला जरा देवाच्या पाया पडायला ने, राहिलंय. दोघं उतरून बागेतल्या दगडी देवाकडं गेली. हा गाडीच्या दाराशी वाकला, हात जोडले.

"अक्का, खाली या."

"तूच म्हणालास, नवरीकडचे म्हणून या," बाई म्हणाली. आवाज गोड होता हो. लांबून यावा तसा. "तुझ्याकडं माणसं नव्हती, आम्ही आलो. आता आमच्याकडंही कार्य आहे. आमच्याकडंही माणसं कमी आहेत."

"तिला नेऊ नका."

"बोलावलं की जावं लागतं. मग बोलवावंही लागतं. रीत आहे."

विठ्ठलराव गाडीच्या दारालाच धरून खाली बसला, ओल्या मातीत. नवं धोतर भिजलं. म्हणाला, रीत मोडायची नाही मला. परतफेडीला आमच्या घरातलं माणूस येईल, पण ते मी. आमंत्रण मला द्या. तुम्ही बोलवाल त्या दिवशी येईन.

बाईनं त्याच्याकडं खूप वेळ बघितलं. डोळ्यांच्या पापण्या हलत नव्हत्या तिच्या.

"सहकुटुंब?"

"एकटा," तो म्हणाला. "माझं कुटुंब आत्ता सासरी निघालंय."

तिनं मूठ उघडली आणि त्याच्या हातावर अक्षता ठेवल्या. गार, फुगलेल्या, कोंब आलेल्या. मग खाली उतरली, आंब्यांच्या मागं गेली. ती जाताना कुठल्या पानाचाही आवाज झाला नाही.

अंबूताई गाडीत बसली. पोरगी परत आली, म्हणाली काकू कुठं गेल्या? विठ्ठलराव म्हणाला, त्यांना घरी काम निघालं. गाडी गेली. तो गाडी दिसेनाशी होईतो हात हलवत राहिला, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

पोरगी सुखात आहे. अंबूताईनं चौथ्या दिवशी तिला माहेरी आणली, गोकुळ रोडच्या घरी, कोरडी ठणठणीत. सासरी तिचा मान मोठा, बायका अजून तिच्या गोतावळ्याचं नाव काढतात. यातलं तिला काही माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पण विठ्ठलराव आता सांज व्हायच्या आधीच शेड बंद करतो. दाढी करतो, धुतलेलं धोतर नेसतो, आणि उणकलच्या तळ्यावर मागच्या अंगाला जाऊन बसतो. अंबूताईनं विचारलं तर म्हणाला, शब्द दिलाय, बोलावणं येईल तेव्हा मी समोर नसलो तर पोरीकडं जातील ते. अलीकडं तो पाण्याच्या जास्त जवळ बसायला लागलाय. परवा शेडमधल्या पोरानं हाक मारली, तर याची मान वळली ती पाण्याकडं.

त्यांना माणसं कमी आहेत आणि हा एकटा आहे, एवढंच त्यांना ठाऊक आहे बघा. त्याचाही गोतावळा आहे असं दिसलं तर कदाचित बोलावणं टळेल, म्हणून तुम्हाला बोलावलं मी. तुमचं घर उणकललाच, तळ्यापासून हाकेवर. उद्यापासून संध्याकाळी फिरायला निघाल तेव्हा वहिनींना घ्या, पोरांना घ्या, शेजारपाजार जमेल तेवढा घ्या, आणि म्हाताऱ्याजवळ जाऊन बसा. काही बोललं नाही तरी चालेल. पण दाटीवाटीनं बसा, त्याच्या खांद्याला खांदा लावून, पाण्यातनं नीट दिसेल असं.