वहीत न गेलेली बॅच

पडद्यावर सकाळचा पहिला प्रयोग उमटला. तापमान सत्तर अंश, सगळं आम्ल दहा मिनिटांत. मी दोनदा वाचलं. आम्ही हेच आम्ल पन्नास अंशांच्या आत, चाळीस मिनिटं थेंबथेंब सोडायचो.

तळवड्यातल्या आमच्या लॅबमध्ये आता प्रयोग रोबोट करतो. पुढचा कोणता करायचा ते मशीन लर्निंगचं मॉडेल ठरवतं, आमच्याच जुन्या नोंदी वाचून. हे सगळं मी बाळंतपणाच्या रजेवर असताना आलं. परत येऊन मला अकरा दिवस झाले होते.

"प्रीतम, हा रन थांबव."

"का वो मॅडम? ब्याण्णव टक्के माल निघंल म्हणतंय." ऑपरेटर प्रीतम हसला. "तुमी पाळणाघराचा कॅमेरा बघा. हितं मी हाय."

फोन खरंच हातात होता. लेक झोपली होती. तिची छाती वर-खाली होते का, ते मी बघत होते.

कुलदीप सर आले, आमचे लॅबप्रमुख. "मंजुषा, आई झाल्यापासून तुला जिकडेतिकडे आगच दिसते. मॉडेलनं चारशे बॅचेस वाचल्यात. एकही उसळलेली नाही त्यात."

नसणारच. रजेवर जायच्या आठवड्यात तापमान चुकून सहासष्टवर गेलं आणि माझा फ्लास्क उसळला होता. मी पोट सांभाळत काच पुसली आणि वहीत एक ओळही लिहिली नाही. फेल बॅच नोंदवली की चौकशीचा फॉर्म, तीन सह्या, वर बोलणी. धुवायचं, पुन्हा लावायचं, जमलेली लिहायची. सगळे तेच करायचे.

आता सांगितलं, तर नोकरी राहील?

रोबोटच्या हातानं बाटली जागेवर ठेवली. पंप सुरू झाला. सत्तर. चौऱ्याहत्तर. दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

प्रीतमचा हात सगळं एकदम बंद करणाऱ्या लाल बटणाकडे गेला. "ते नको!" मी ओरडले. त्यानं ढवळणीही थांबते, आणि मग सगळं एकदमच पेटतं. त्याला ढकलून मी पडद्यावर फक्त पंप बंद केला, रोबोटसमोरची संरक्षक काच खाली ओढली.

"मागे व्हा, सर!"

आम्ल थांबलं, आकडा थांबेना. एक्याऐंशी. त्र्याण्णव. काचेआड तपकिरी धूर भरला. एकशे चार. एकशे नऊ.

एकशे आठ.

"तुला कसं कळलं?" सरांनी विचारलं.

"माझी उसळली होती, सर. सहासष्टला. मी लिहिली नाही."

ते माझ्याकडे वळले. "अशा अजून किती?"

"माझ्या तीन."

प्रीतमनं मान खाली घातली. "माझ्या पाच हायेत, सर."

रोबोटचा हात पुढच्या बाटलीकडे वळला होता. पडद्यावर आणखी चौदा प्रयोग रांगेत होते. सरांनी पुढं होऊन एकेक करत सगळे काढून टाकले, आणि रोबोटचा हात अर्ध्यातच थांबला.

"बसा," ते वही उघडत म्हणाले. "तारखा आठवतायत का?"